शंभर रुपयांची वाटणी



खत, बियाणे, फवारणी या विषयांवर आपली नेहमीच गाठ पडते. आज त्यांतले काही सांगणार नाही. आज वाटणीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. विस्तार अधिकारी म्हणून माझी पंचवीस-तीस वर्षे बांधावर गेली. करपा येऊन कांदा गेलेला पाहिला, अळीने तूर खाल्लेली पाहिली. पण विहिरीत पाणी आहे, जमीन कसदार आहे, घरात माणसे धट्टीकट्टी आहेत आणि तरीही उभे पीक वाळले, असेही पुष्कळ पाहिले. तेथे औषध मारून उपयोग नव्हता. रोग वाटणीचा होता.

या रोगाचा अभ्यास जगात बऱ्याच शास्त्रज्ञांनी केला आहे, आणि तोही एका साध्या खेळातून. तो खेळ आज रात्री जेवणे झाल्यावर तुम्हालाही घरात खेळता येईल.

खेळ असा आहे

घरातली दोन माणसे समोरासमोर बसवा. मध्ये दहा-दहाच्या दहा नोटा ठेवा. चिठ्ठी टाकून त्यांतल्या एकाला वाटे करायला सांगा. ‘इतके मला, इतके तुला’ एवढेच त्याने सांगायचे, आणि तेही एकदाच. दुसऱ्याने ‘घेतो’ किंवा ‘नको’ यांपैकी एकच शब्द बोलायचा. तो ‘घेतो’ म्हणाला, तर सांगितल्याप्रमाणे पैसे दोघांना मिळतील. ‘नको’ म्हणाला, तर शंभरच्या शंभर रुपये उचलून पुन्हा डब्यात; दोघांनाही काही नाही. घासाघीस नाही, दुसरी फेरी नाही.

समजा, वाटे करणारा म्हणाला, ‘नव्वद मला, दहा तुला.’ तुम्ही दुसऱ्या जागेवर बसला आहात. काय कराल?

नुसत्या हिशेबाने पाहिले तर दहा रुपये शून्यापेक्षा जास्तच आहेत. काही न करता मिळताहेत, तर घ्यावेत. जुने पुस्तकी अर्थशास्त्रही हेच सांगत आले. प्रत्येक माणूस आपापला फायदा पाहतो, म्हणून दुसरा माणूस एक रुपयालाही ‘घेतो’ म्हणेल. आणि हे पहिल्याला ठाऊक असल्यामुळे तो नव्याण्णव आपल्याकडे ठेवील.

जर्मनीतील कोलोन विद्यापीठात व्हेर्नर ग्युथ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा खेळ विद्यार्थ्यांना खरे पैसे देऊन खेळायला लावला आणि त्याचे निष्कर्ष 1982 साली प्रसिद्ध केले. वाटायची रक्कम 4 ते 10 मार्क होती. पुस्तकाप्रमाणे काही घडले नाही. वाटे करणाऱ्यांत निम्मे-निम्मे देऊ करणारेच सर्वांत जास्त निघाले. आणि ज्यांना फारच थोडे देऊ केले होते, त्यांतल्या काहींनी हातात येणारे पैसे सोडून दिले.

यानंतर हा खेळ देशोदेशी खेळला गेला. शहरातल्या विद्यार्थ्यांत बहुतेक ठिकाणी सारखेच चित्र दिसले. देऊ केलेला वाटा सरासरीने शंभरात चाळीस ते पन्नास. आणि वीसपेक्षा कमी देऊ केले, तर सुमारे निम्मे लोक ‘नको’ म्हणतात. स्वतःचे नुकसान सोसतात, पण समोरच्याला ऐंशी-नव्वद घेऊ देत नाहीत.

आपण याला हट्ट म्हणतो, ताठा म्हणतो, ‘डोके फिरले’ म्हणतो. मीही तसेच म्हणत असे. एका विहिरीने मला निराळे शिकवले.

दोन भाऊ आणि एक विहीर

माझ्याकडे असलेल्या एका गावात दोन भाऊ होते. तीन-तीन एकर जमीन आणि मध्ये आजोबांच्या वेळची सामायिक विहीर. विहिरीला पाणी कमी पडू लागले तेव्हा थोरल्याने स्वतःच्या पैशाने ती खोल करून घेतली. पाणी चांगले लागले. मग थोरला म्हणाला, ‘खर्च माझा, तेव्हा आठवड्यातले सहा दिवस पाणी माझे. एक दिवस तुझा.’ धाकट्याने एकच दिवस काय करायचा, असे विचारले. थोरल्याचे उत्तर होते, ‘घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे.’

थोरल्याची पाइपलाइन धाकट्याच्या बांधावरून जात होती. धाकट्याने ती उखडून टाकली आणि आपला एक दिवसही सोडून दिला. त्या रब्बीत थोरल्याचा कांदा पोसला नाही आणि धाकट्याचा गहू ओंबीवर येऊन वाळला. विहिरीत मात्र दोन परस पाणी उभे होते.

मी धाकट्याला समजवायला गेलो. म्हणालो, ‘अहो, नसल्यापेक्षा एक दिवस बरा. निदान अर्धा एकर गहू तरी निघाला असता.’

तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, गहू एका सालाचा गेला. पण हा एक दिवस मी कबूल केला असता, तर माझ्या पोरांनासुद्धा एकच दिवस राहिला असता.’

त्या वेळी मला ते पटले नाही. पुढे कोलोनच्या खेळाविषयी वाचले, तेव्हा हेच बोलणे डोळ्यांपुढे आले. ‘नको’ म्हणणाऱ्याला हिशेब येत नाही असे आपण धरून चालतो. त्याचा हिशेब एका हंगामाचा नसतो, पुढच्या वीस वर्षांचा असतो. आज जो वाटा आपण मान खाली घालून घेतला, तोच उद्या आपला वाटा ठरतो, हे गावात राहणाऱ्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही.

अर्थात खेळात दुसरी फेरी नसते, समोरचा माणूस कोण हेही पुष्कळदा सांगितलेले नसते, तरी लोक ‘नको’ म्हणतातच. म्हणजे हिशेबाखेरीज आणखीही काही आत असते. अमेरिकेत अटलांटा येथे सारा ब्रॉसनन आणि फ्रान्स द वाल या शास्त्रज्ञांनी कापुचिन जातीच्या माकडिणींवर केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. खडा परत दिला की माकडिणीला काकडीची फोड मिळे, आणि ती ती आनंदाने खाई. मग शेजारच्या पिंजऱ्यातल्या माकडिणीला त्याच कामाबद्दल द्राक्ष देऊ लागले. पहिलीने ते पाहिले आणि पुष्कळदा काकडी घ्यायचेच नाकारले; कधी मिळालेली फोड बाहेर भिरकावली. याचा अर्थ काय लावावा यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत. पण ज्यांच्या दावणीला दोन बैल आहेत, त्यांनी एकाला सरकी आणि दुसऱ्याला नुसता कडबा टाकून पाहावा, म्हणजे वाद फार वाढणार नाही.

जसे गाव, तशी वाटणी

आता तुम्ही म्हणाल, हे जर्मनी-अमेरिकेतले शिकलेले लोक. खेड्यापाड्यांत काय? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला.

1996 साली जोसेफ हेन्रिक हा तरुण अमेरिकन संशोधक दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गेला. तेथे अॅमेझॉनच्या जंगलात माचिगेंगा नावाचे लोक राहतात. जंगल तोडून, जाळून त्यात कसावा पिकवायचा आणि मासे, शिकार यांवर भागवायचे, असे त्यांचे जीवन. घर आणि जवळचे नातलग यांच्या पलीकडे एकमेकांबरोबर काम करण्याचा प्रसंग त्यांना फारसा येत नाही. तेथे देऊ केलेला वाटा सरासरीने शंभरात सव्वीसच भरला; पंधरा देऊ करणारे सर्वांत जास्त. आणि नवल म्हणजे एकवीस जणांपैकी एकानेच नाकारले. त्यांना त्यात अन्याय वाटलाच नाही. वाटे करायची संधी समोरच्याला मिळाली, आपल्याला मिळाली नाही, नशीब, एवढेच त्यांचे म्हणणे.

पुस्तकही चुकले आणि कोलोनही सगळ्या जगाला लागू पडले नाही. मग हेन्रिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बारा देशांतल्या पंधरा छोट्या समाजांत हे खेळ नेले. कोठे गुराखी, कोठे शेतकरी, कोठे शिकारी. 2001 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

इंडोनेशियातील लामालेरा हे समुद्रकाठचे गाव घ्या. तेथले लोक मोठ्या होड्यांतून देवमाशाची शिकार करतात. एकट्याचे ते काम नाही. एका होडीवर दहा-पंधरा माणसे लागतात. देवमासा किनाऱ्याला आला की कोणता तुकडा कोणाचा, हे पूर्वापार ठरलेले असते : भालाइताचा वाटा, वल्हेकऱ्यांचा वाटा, होडीच्या मालकांचा वाटा, शीड विणणाऱ्याचा वाटा. या लोकांनी खेळात सरासरीने निम्म्याहूनही जास्त देऊ केले. ज्यांचे पोट दहा जणांच्या वल्ह्यावर चालते, त्यांना वाट्यात हात आखडून चालत नाही.

पापुआ न्यू गिनीतील औ आणि ग्नाऊ या लोकांत आणखी गंमत. तेथे निम्म्यापेक्षा जास्त देऊ केले, तरी काही जण ‘नको’ म्हणत. कारण त्यांच्याकडे मोठी भेट घेतली की माणूस देणाऱ्याचा मिंधा होतो. आज घेतलेले उद्या भलत्या वेळी फेडावे लागते. ज्या घराने एखाद्या मोठ्या माणसाची हातउचल घेऊन त्याच्या शब्दाबाहेर जाता आले नाही असे दिवस काढले असतील, त्या घराला हे उमजायला अवघड नाही. केनियातल्या ओर्मा गुराख्यांपुढे सगळ्यांनी मिळून पैसे घालायचा असाच एक दुसरा खेळ मांडला, तेव्हा ते लगेच म्हणाले, ‘हे तर आमचे हराम्बे!’ हराम्बे म्हणजे शाळा वगैरे बांधायला गावाने काढायची वर्गणी. लोक खेळातही आपले गावच घेऊन येतात.

या पंधरा समाजांतून एक सूत्र निघाले. जेथे लोकांना एकमेकांबरोबर मिळून काम करावे लागते आणि बाजारात परक्या माणसाशी देवघेव करावी लागते, तेथे वाटणी निम्म्याच्या जवळ जाते. आपल्याकडची सावड आठवा. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या शेतात. पेरणी-मळणी एकट्याची होत नव्हती, म्हणून कोणाचे किती दिवस झाले हे न लिहिताही लक्षात राहत असे. जेथे ट्रॅक्टर आणि मळणीयंत्र आले आणि सावड मोडली, तेथे काम सोपे झाले हे खरे. पण एकमेकांना सरळ वाटा देण्याचा तो वर्षानुवर्षांचा सरावही तेथे गेला.

गरजवंताचा ‘हो’

आता एक शंका. शंभर रुपये कोणीही सोडील. मोठी रक्कम असली तर? ऑस्ट्रेलियाच्या लिसा कॅमेरॉन यांनी इंडोनेशियात खेळणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम ठेवून पाहिली. तरी वाटे करणारे लोभाला पडले नाहीत. मात्र ‘नको’ म्हणणारे कमी झाले.

याहून महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशातला आहे. मेघालयातील खेड्यांत हा खेळ 20, 200, 2,000 आणि 20,000 रुपयांवर खेळला गेला. 2011 साली तो प्रसिद्ध झाला. वाटे करणाऱ्यांनी कमी देऊ करावे, अशा बेताने तेथे खेळ समजावून सांगितला होता. रक्कम वाढत गेली तसा देऊ केलेला वाटा शेकड्याच्या हिशेबाने उतरला, आणि नकारही कमी कमी होत गेले. वीस हजारांच्या खेळात जवळजवळ कोणीच ‘नको’ म्हणाले नाही. वीस हजारांतले दोन हजार हातावर पोट असलेल्या माणसाने कसे सोडावेत?

माझ्या मते या साऱ्या अभ्यासातली आपण ध्यानात ठेवायची गोष्ट हीच. समोरचा ‘हो’ म्हणाला म्हणजे वाटा न्याय्य होता, असे होत नाही. कधी त्याला वाटा पटलेला असतो. कधी त्याला घरी पीठ न्यायचे असते. पाडव्याला सालगडी ठरवताना, बटईचा करार करताना, कांद्याची गाडी घेऊन मार्केटात रात्र काढलेल्या शेतकऱ्याला भाव सांगताना, दोन्ही प्रकारचे ‘हो’ सारखेच ऐकू येतात. आपण शेतकरी व्यापाऱ्यापुढे दुसऱ्या जागेवर असतो, तेव्हा हे आपल्याला नीट कळते. मजुरापुढे आपण पहिल्या जागेवर असतो, तेव्हा मात्र विसरायला होते.

ज्याला ‘नको’ म्हणताच येत नाही

खेळाचा एक दुसरा प्रकार आहे. त्यात दुसऱ्या माणसाला बोलायचा हक्कच नाही. पहिला देईल ते घ्यायचे. काही दिले नाही, तर तेही सोसायचे. असे प्रयोग जगात खूप झाले. 2011 साली शंभराहून अधिक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरीने शंभरात अठ्ठावीस रुपये दिले गेल्याचे दिसले. आणि छत्तीस टक्के लोकांनी तर काहीच दिले नव्हते. पहिल्या खेळाशी ताडून पाहा. नकाराची भीती होती तेव्हा चाळीस-पन्नास. ती गेली तशी अठ्ठावीसवर आले. माणसात चांगुलपणा आहे, हे अठ्ठावीस सांगतात. पण तो एकटा पुरत नाही, हेही तेच सांगतात.

येथे मला दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगता येत नाही, माझीच सांगावी लागते.

वडील गेल्यावर आम्ही दोघा भावांनी जमीन वाटून घ्यायचे ठरवले. धाकटा गावी राहून शेती करीत होता, मी नोकरीत. आमची बहीण लग्न होऊन पन्नास मैलांवर नांदत होती. 2005 च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, हे मला पूर्ण ठाऊक होते. मी शिकलेला माणूस. तरी वकिलाकडून हक्कसोडपत्र तयार करून घेतले, तिला निबंधक कचेरीत बोलावले आणि कागद पुढे केला. तिने पदर सावरून सही केली. मी तिला भारीपैकी साडी घेतली. जेवायला गोडधोड केले. घरी येताना धाकट्याला म्हणालो, ‘किती समजूतदार आहे आपली ताई!’

कित्येक वर्षांनी तिच्या मुलीच्या लग्नात पंगती उठल्यावर आम्ही दोघे मांडवात बसलो होतो. बोलता बोलता जमिनीचा विषय निघाला. ती म्हणाली, ‘दादा, तू मला विचारलं असतंस ना, तर मी “नको, राहू दे तुम्हालाच” असंच म्हणाले असते. पण तू विचारलंच नाहीस. कागद पुढे केलास.’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणून ते जास्त लागले. माहेर तुटेल या भीतीने जी सही होते, ती सही म्हणजे उत्तर नव्हे. मी आयुष्यभर लोकांच्या वाटण्या समजावत फिरलो, आणि घरात जिला ‘नको’ म्हणायची सोयच ठेवली नव्हती, तिच्या गप्प राहण्याला समजूतदारपणा म्हणालो. आता आम्ही तिघे बसून बोलतो आहोत. एक एकर तिच्या नावे करावे असे माझे मत आहे. धाकट्याची अडचण निराळी आहे, कारण इतकी वर्षे त्या मातीत घाम त्याचा पडला आहे. ठरेल ते ठरेल. पण या खेपेला ताई बैठकीत आहे.

कोणत्या मापाने मोजायचे?

धाकट्याचे म्हणणेही सोडून देण्यासारखे नाही. न्याय्य म्हणजे दर वेळी निम्मे-निम्मेच, असे कोठे आहे? अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाटे करायची जागा चिठ्ठीने न देता आधी प्रश्नमंजूषा घेऊन जिंकणाऱ्याला दिली. तेव्हा जिंकणाऱ्याने जास्त ठेवून घेतले, आणि दुसऱ्यानेही ते चालवून घेतले. हक्क कमावलेला आहे असे दोघांना वाटले, की निम्म्यापेक्षा कमी वाटाही खुपत नाही.

म्हणजे मापे अनेक आहेत. कष्टाचे माप आहे, पैसा घातल्याचे माप आहे, जमिनीचे माप आहे, तोंडांचे माप आहे. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाणी जमिनीच्या मापाने न वाटता माणसांच्या मापाने वाटायचे ठरवले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. आणि ऊस कोणीच लावायचा नाही. पुष्कळांना हे माप नवे होते. पण ते आधी सांगितले होते, आणि सर्वांना एकच होते.

बहुतेक भांडणांत दोन्ही माणसे आपापल्या मापाने खरी असतात. थोरला पैशाचे माप लावतो, धाकटा वारशाचे. आणि दोघेही समजतात की समोरचा लुबाडतो आहे. माप न ठरवता वाटे करायला बसलात, तर भांडण होणारच.

विहीर पुन्हा चालू झाली ती कशी?

आता त्या दोन भावांकडे परत जाऊ. दोन रब्बी वाया गेल्यावर त्यांच्या मामांनी दोघांना एकत्र बसवले. मीही होतो. मामांनी पहिली गोष्ट केली ती ही, की खर्चाचा हिशेब आणि पाण्याचा वाटा वेगळे केले. विहीर खोल करायला जो खर्च आला, त्यातला निम्मा धाकट्याने तीन सुगीत फेडायचा. तो फिटेपर्यंत आणि फिटल्यावरही पाणी निम्मे-निम्मे.

पण निम्मे म्हणजे कसे? शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री येणारी. रात्रीचे बारे कोणाला नको असते. थंडीत, विंचूकाट्यात दारे धरायची. मामा धाकट्याला म्हणाले, ‘दोन आठवड्यांचे दोन वाटे तू कर. उचलायचा कोणता, ते थोरला ठरवील.’ धाकटा अर्धा तास कागदावर दिवस-रात्री मांडीत बसला. एकही वाटा हलका ठेवून त्याला चालणार नव्हते, कारण भारी वाटा थोरला उचलणार हे उघड होते. शेवटी त्याने दोन्ही वाट्यांत दिवसाची आणि रात्रीची बारी सारखी घातली. थोरल्याने एक उचलला. पाइपलाइन पुन्हा जोडली गेली.

‘वाटे करील त्याने शेवटी उचलायचे’ ही आपल्याकडची जुनी रीत. भाऊभाऊ धान्याच्या राशी अशाच वाटत आले. चिठ्ठी टाकण्याची रीतही तशीच शहाणपणाची. 1995 साली अमेरिकेतील सॅली ब्लाउंट यांनी दाखवले, की तोच कमी वाटा माणसाने ठरवला असेल तर लोक नाकारतात. पण यंत्राने चिठ्ठी काढावी तसा आला असेल तर पुष्कळसा पत्करतात. दैवाने आलेले कमी माणूस सोसतो. दुसऱ्याने मुद्दाम दिलेले कमी त्याला सोसवत नाही.

तेव्हा एवढे करा

वाटणी जमिनीची असो, पाण्याची असो, बटईच्या धान्याची असो की सामायिक ट्रॅक्टरच्या भाड्याची, बसण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्या.

1. आधी माप ठरवा, मग वाटे करा. कष्ट, पैसा, जमीन, तोंडे यांपैकी काय धरायचे, ते सर्वांसमोर बोला आणि लिहून ठेवा.

2. जुना खर्च आणि नवा वाटा एकात मिसळू नका. खर्च फेडता येतो. वाटा पिढ्यांचा असतो.

3. वाटे एकाने करावेत, उचलावेत दुसऱ्याने. हे जमत नसेल तर सारखे वाटे करून चिठ्ठी टाका.

4. ‘घ्यायचे तर घे, नाहीतर राहू दे’ हे शब्द तोंडातून काढू नका. त्या थोरल्याला सहा शब्दांची किंमत दोन हंगामांचा कांदा पडली.

5. ज्याची गरज मोठी, त्याचा ‘हो’ लगेच धरू नका. त्याला घरी विचारायला चार दिवस द्या.

6. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही, त्याला आधी विचारा : बहिणीला, विधवा भावजयीला, म्हाताऱ्या आईला, सालगड्याला. कागद नंतर.

हे सारे केले तरी भांडणे सगळी मिटतील, असे मी म्हणणार नाही. पण पाणी असून पीक वाळण्याचे प्रसंग कमी होतील, एवढे अनुभवाने सांगतो.

आणि आज रात्री तो शंभर रुपयांचा खेळ खरेच खेळून पाहा. मुलांना वाटे करू द्या, मोठ्यांनी दुसऱ्या जागेवर बसावे. मग जागा बदला. घरातले लहान पोर तुमचा वाटा ऐकून ‘नको’ म्हणाले, तर त्याला हट्टी म्हणून उठवू नका. त्याला किती हवे होते आणि का, ते विचारा.